इंजूच्या पायातला दोरा

प्रिय सिर्गालिम,

लाल बूट पोचले. तोक्तारने गाडीतून काढून माझ्या हातात दिले आणि वर तुझा निरोप सांगितला, की अक्तोटीताईंना इंजूच्या सोहळ्याला, तोयला, यायला जमणार नाही, वाचनालयात पुस्तकांची मोजणी आहे. मी म्हटलं, शनिवारी? तो म्हणाला, काकू, मी ड्रायव्हर आहे, मला काय विचारता. शाळा मी सातवीत सोडली, त्यातलीही अर्धी वर्षं कोकरांच्या हंगामात मेंढवाड्यात गेली, पण शनिवारी दुपारी सरकारी वाचनालयात कोणी पुस्तकं मोजत बसत नाही एवढं मला कळतं. खोटं बोलायचं तर जरा डोकं लावून बोलावं. पाय मुरगळला म्हणाली असतीस तर दोन दिवस तरी मी विश्वास ठेवला असता. तुझ्या भावाची पहिली नात पावलं टाकायला लागली आहे, तिच्या पायातला दोरा कापायचा दिवस ठरला आहे, अर्ध्या केगेनला आमंत्रणं गेली आहेत, आणि घरची आत्या शेलेकला पुस्तकं मोजणार. बूट मात्र पाठवलेस. बूट बाजारात मिळतात गं. मी बूट मागितले नव्हते.

फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. "हो वहिनी, बघते वहिनी, आवाज तुटतोय वहिनी," आणि आवाज तुटतो. माझा आवाज चढला की तुझा हमखास तुटतो. म्हणून सूनबाईच्या, अर्दाकच्या वहीतली पानं फाडून बसले आहे. कागद तुला मधेच बंद करता यायचा नाही. अक्षराला हसू नकोस. घोड्या पिळायच्या दोन धारांच्या मधे जो वेळ मिळतो त्यात लिहिते आहे, तेव्हा हात दुधाचे असतील, अक्षरं पसरतील. चुका लाल पेन्सिलीने काढून परत पाठवलंस तर बघ.

अर्दाक विचारत होती, तुम्ही आत्याबाईंना सिर्गालिम का म्हणता. हल्लीच्या सुना सासरच्या सगळ्यांची नावं सरळ घेतात, तिला काय माहीत. मी वीस वर्षांची या घरात आले तेव्हा सासरच्या एकाचंही नाव ओठांवर आणायची सोय नव्हती, प्रत्येकाला मनाने नाव ठेवायचं. तू पंधरा वर्षांची. आजीचे चांदीचे डूल कानात घालून पळायचीस, ते गालांवर आपटायचे. म्हणून सिर्गालिम, माझी डूलवाली. काय पळायचीस. जिल्ह्याच्या शर्यतीत मुलांना मागे टाकलंस तेव्हा सासूबाई आठ दिवस गावभर अशा फिरत होत्या, की जणू त्याच पळाल्या. आणि मी नवी, कोणाशी बोलायची चोरी, तर तू रोज गोठ्यात येऊन माझ्याबरोबर शेणाच्या वड्या रचायचीस आणि शाळेतल्या बायकांच्या नकला करून मला हसवायचीस. पहिलं वर्ष मी त्यावर काढलं. हे तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं सांगायची पद्धत नाही, आणि मला तर मुळीच नाही.

माझा येरसिन वर्षाचा झाला, पाय टाकायला लागला, तेव्हा सासूबाईंनी कोणाला विचारलंसुद्धा नाही. दोरा अक्तोटीच कापणार. जो कापतो त्याच्यासारखं मूल होतं, मग तुझ्यापेक्षा चपळ आणि हसरं कोण होतं या खोऱ्यात. तू एकोणीस वर्षांची होतीस. काळा-पांढरा दोरा एका झटक्यात कापलास, येरसिनचे दोन्ही हात धरलेस आणि असं पळवलंस त्या पोराला, की त्याचे पाय जमिनीला लागतच नव्हते. सगळे हसत होते. तू सात रात्री झोपली नव्हतीस हे कोणाला ठाऊक होतं? आम्हाला वाटलं, पोरगी आनंदात आहे. आनंदात असलेल्या माणसाला झोपलीस का असं कोण विचारतं?

पुढचं तुला किती आठवतं मला माहीत नाही. मला सगळं आठवतं, कारण स्वयंपाक मी केला. दहाव्या दिवशी सकाळी दारात लोक यायला लागले. घोड्यांवरून, ट्रॅक्टरच्या गाडीतून, चांगले कपडे घालून, भेटवस्तू घेऊन. तू तुझ्या भावाचा घोडा घेऊन तीन गावं फिरली होतीस आणि घरोघर तोयचं आमंत्रण दिलं होतंस. कसला तोय ते कोणाला नीट सांगितलं नव्हतंस, त्यांनीही विचारलं नव्हतं, तोय म्हटल्यावर कोण विचारतो. मी हाताला पीठ लागलेलं तशीच दारात उभी. दारात आलेल्याला परत पाठवता येत नाही. हिवाळ्यासाठी ठेवलेल्या दोन मेंढ्या कापल्या, सगळं पीठ मळलं. तू अंगणात गात होतीस, वडिलांचा लांडग्याच्या कातड्याचा कोट एका अनोळखी म्हाताऱ्याच्या अंगावर घातलास. आधी लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. त्या म्हाताऱ्याने कोट काढून गुपचूप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सूनबाई, पोरीला आत न्या." मला त्या वेळी तुझी दया आली नाही. राग आला. चिमटा काढून सांगते आहे असं समजू नकोस, होतं तसं सांगते आहे.

आणि मग तो हिवाळा, तू भिंतीकडे तोंड करून. एक मांत्रिक येऊन धूर करून गेला, एक मौलवी फुंकर घालून गेला, आणि शेवटी तुझ्या भावाने तुला शहरातल्या इस्पितळात नेलं.

घोड्या पिळून आले. त्या तांबड्या घोडीने आज लाथ मारली. तुझ्या हाताला ती गपगुमान उभी राहते, माझ्याशी तिचं वैर आहे.

मधल्या वर्षांचं मी लिहीत नाही, ती तुझी आहेत. बरं वाटलं की गोळ्या बंद, गोळ्या बंद की पुन्हा इस्पितळ. चार वेळा. तुला नवऱ्याने सामानासकट दारात आणून सोडलं तेव्हा सासूबाई गेल्या होत्या, म्हणजे तू माझ्याच दारात आलीस. एकदा मी तुझ्या भावाला म्हटलं होतं, या घरात एक तर ती राहील नाही तर मी. तो उठून कुंपण दुरुस्त करायला गेला. दोन तासांनी आत आला आणि म्हणाला, कुंपण झालं. एवढंच. मग मीही चहा ठेवला.

त्यानंतर ती डॉक्टरीण भेटली, लुदमिला पाक. एवढीशी बाई, खुर्चीवर बसली तर पाय जमिनीला पुरत नाहीत. मी तिच्यासमोर बसून विचारलं, ही बरी होणार का, सरळ सांगा, मला गाडी पकडायची आहे. ती म्हणाली, "आजार जाणार नाही. पण तो घरात पाय पसरून बसणार नाही, असं करता येतं. कित्येकांचं होतं." मी म्हटलं, कसं? तर म्हणे वेळेवर गोळी, वेळेवर झोप, वेळेवर जेवण, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि दिवसाला काहीतरी रोजचं काम. मला वाटलं, एवढं शिकून ही बाई मला तेच सांगते आहे जे मी शिंगरांना सांगते. पण येताना गाडीत विचार केला. रोजचं काम, घड्याळाप्रमाणे, सुटी नाही, हे माझ्याकडे सोडून कोणाकडे आहे?

घोड्या पिळायला लावलं त्या पहिल्या उन्हाळ्यात तू मला मनातल्या मनात किती शिव्या दिल्यास ते तुझ्या तोंडावर दिसायचं. पण घोडीला तुझं मन आज कसं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. दीड-दोन तास झाले की तिची कास भरते, शिंगरू दोराला बांधलेलं ओरडतं, ऊठ. दिवसातून सहा वेळा ऊठ. शिंगरू आधी लाव, पान्हा सुटला की ओढून घे, एक गुडघा जमिनीवर, दुसऱ्यावर बादली. आज रडायचं असेल तर रड, पण पिळता पिळता रड. संध्याकाळी शिंगरं सोडली की गोळी, जेवण, झोप. मी तुझ्या उशाशी उभी राहायचे गोळी गिळेपर्यंत, आणि तू म्हणायचीस, "वहिनी, तुम्ही तुरुंगात नोकरी करायला हवी होती." मी म्हणायचे, तीच करते आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी उभी राहायचं बंद केलं आणि तू तरीही घ्यायचीस. हे मी पाहिलं होतं, बोलले नव्हते. तुझ्या डबीत उरलेल्या गोळ्या मी मोजायचे. तू मला पकडलंस आणि डबीत एक चिठ्ठी ठेवलीस, "बरोबर आहे ना, वहिनी?" ती चिठ्ठी मी फाडली असं सांगितलं होतं. फाडली नाही, पिठाच्या डब्यात आहे.

सहा वर्षं झाली तुला इस्पितळात भरती होऊन. शेलेकला स्वतःची खोली, नोकरी, खिडकीत ती वाळकी झाडं. पण मला ज्या दिवशी खरं वाटलं, तो दिवस वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी वसंतात तू न कळवता आलीस, एक पिशवी घेऊन. बँकेचं कार्ड भावाच्या हातात दिलंस, फोन माझ्या हातात, आणि म्हणालीस, "वहिनी, तीन रात्री चारच तास झोप होते आहे आणि डोक्यात लई छान छान विचार येताहेत. पाकबाईंना कळवलंय, त्यांनी गोळी वाढवली. मला दोन आठवडे घोड्यांजवळ राहू द्या." तू आपली जाऊन तांबडीशेजारी गुडघा टेकलास. दोन आठवड्यांनी कार्ड घेतलंस, फोन घेतलास आणि कामावर गेलीस. मी तोपर्यंत समजत होते, की बरं असणं म्हणजे आजार नसणं. त्या दिवशी कळलं, की तो वाटेत दिसला तरी तू आता आधी त्याला ओळखतेस आणि आम्हाला हाक मारतेस. मला दुसरं काय हवं होतं?

पाकबाई कसला तरी शब्द वापरते त्याला, रेमिस्सिया, म्हणजे आजार मागे हटणं. मी तिला गेल्या वेळी किमिझची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बाटली दिली आणि विचारलं, म्हणजे तो कायमचा गेला का? ती म्हणाली, "कायमचं माझं मलाही माहीत नाही. घर नीट चालवा." मला आवडते ती बाई. जास्त बोलत नाही.

आता अर्दाकचं. हे लिहिताना मान वर करून बघितलं, ती समोर कपडे वाळत घालते आहे आणि इंजूशी भांडते आहे, कारण इंजूने चिमटे चिखलात टाकले. भांडते आहे. मागच्या वर्षी या दिवसांत तिला भांडायचीही ताकद नव्हती. इंजू तीन आठवड्यांची होती. अर्दाक खाईना, झोपेना, पोर रडलं तरी भिंतीकडे बघत बसायची. आणि मी काय केलं? मी, जिने तुझी भिंत इतकी वर्षं बघितली होती. मी तिला म्हटलं, येरसिन तीन दिवसांचा होता तेव्हा मी गाई पिळत होते, तुम्ही आजकालच्या मुली फार नाजूक. तीच भिंत मला ओळखता आली नाही, कारण ती आता दुसऱ्या खोलीत होती.

तू बाळ बघायला आलीस. पाच मिनिटं तिच्याजवळ बसलीस, आणि जे या घरात कोणाच्या जिभेवर यायला धजलं नसतं ते सरळ विचारलंस, "अर्दाक, मरावंसं वाटतं का?" मी दारात होते. मला वाटलं, हिची जीभ झडो. आणि ती पोरगी जी रडायला लागली, तीन आठवडे जिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. म्हणाली, हो. म्हणाली, बाळाला दुसरी कोणी चांगली मिळेल. तू तिला जवळ घेतलंस आणि तोक्तारला फोन लावलास. आणि मी काय केलं तेही लिहिते. दार अडवून उभी राहिले. बाळंतीण आणि मूल चाळीस दिवसांच्या आत उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, सव्विसावा दिवस होता, लोक काय म्हणतील, काही वाईट वारं लागेल. तू आवाजही चढवला नाहीस. "वहिनी, बाजूला व्हा. चाळीस दिवस मोजायला ती उरली पाहिजे."

मी बाजूला झाले. आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून मी बाजूला झाले नव्हते. तू अकरा दिवस सुटी काढलीस, तिच्याबरोबर शहरात राहिलीस, परत आल्यावर दर रविवारी तिला विचारायचीस, झोपलीस का, जेवलीस का, गोळी घेतलीस का. माझेच शब्द, मी ऐकत होते. सप्टेंबरात ती एकदा हसली, तुझ्या भावाच्या टोपीवर शिंगरू लघवी करून गेलं तेव्हा. टोपी धुतली नाही मी आठ दिवस.

आणि एवढं सगळं झाल्यावर नौरिझचा, नव्या वर्षाच्या सणाचा दिवस. मला माहीत आहे तू का येत नाहीस. पुस्तकं कशाला मधे घालतेस. विहीणबाईंच्या घरी जेवायला गेलो होतो, बोलणं दोऱ्यावर आलं, इंजू उभी राहायला लागली होती. विहीणबाई म्हणाल्या, "कापणारं माणूस रक्ताने स्वच्छ हवं, नाही का? पुढे पोरीच्या लग्नाला प्रश्न येतात." तुझ्याकडे न बघता म्हणाल्या. आणि मग तुझी वाटी घेतली आणि चहा काठोकाठ भरून तुझ्यापुढे ठेवला. आपल्यात हव्याशा पाहुण्याला अर्धीच वाटी देतात, पुन्हा पुन्हा ओतता यावी म्हणून. काठोकाठ भरली म्हणजे ऊठ आता. मी तुला कायम अर्धी देते, आणि गोळ्यांनी तुझा हात जरा थरथरतो तेही त्यात झाकून जातं. त्या दिवशी झाकलं नाही. तू उचललीस आणि तिच्या पांढऱ्या चादरीवर चहा सांडला. तू म्हणालीस, उशीर झाला, निघते. आणि मी, जिला सगळं खोरं तोंडाळ म्हणतं, मी पोळीचा तुकडा चावत बसले. विहिणीशी वाकडं नको, सुनेची आई आहे, असं मनात म्हणत. पाच महिने झाले, तो तुकडा अजून गिळला गेला नाही.

तर ऐक. गेल्या सोमवारी विहीणबाई तोयचं ठरवायला आल्या. त्यांनी माणूसही ठरवून आणलं होतं, त्यांच्या भाच्याची बायको, जिल्हा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दोन घरं आहेत, मुलगा परदेशात शिकतो. मी ऐकून घेतलं. मग त्यांची वाटी घेतली आणि काठोकाठ भरली. इतकी भरली, की उचलायला ओठ खाली न्यावे लागले असते. त्या वाटीकडे बघत बसल्या. तुझा भाऊ उठून कुंपण बघायला गेला. मी काही बोलणार तेवढ्यात अर्दाकच बोलली. तिच्या आईला आम्ही सांगितलं होतं ना, की दूध गाठून ताप आला म्हणून शहरात नेलं. अर्दाक म्हणाली, "आई, तो ताप नव्हता. मला मरायचं होतं. अक्तोटीआत्यांनी नेलं म्हणून मी इथे बसले आहे." विहीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?" तर ही म्हणते, "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस रक्त स्वच्छ नाही."

बाई रडली गं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, पण फार बरं नाही वाटलं. बराच वेळ रडून झाल्यावर तिने ती भरलेली वाटी खिडकीबाहेर ओतली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आता नीट ओत." मी अर्धी ओतली. तोयला ती स्वतः सहा कोंबड्या आणि तिच्या हातची मोठी गोधडी आणणार आहे. भाच्याच्या बायकोला ती सांगेल काय सांगायचं ते.

सूर्य कलला, अजून एक धार राहिली आहे, आणि जे लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही.

त्या हिवाळ्यात, तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि इस्पितळात न्यायचं अजून ठरत होतं, तेव्हा मी एक केलं. येरसिन तोपर्यंत चांगला पळत होता. पण त्याच्या पायातला दोरा तू कापला होतास, आणि माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की तो तुझ्यासारखा होणार. मी शाळेतल्या बागिलाबाईंना बोलावलं. शांत, नीटनेटकी, कधी आवाज चढवला नाही अशी बाई. भर दुपारी, सासूबाई झोपल्या होत्या, गोठ्यामागे नेऊन मी पोराचे पाय पुन्हा बांधले. रंगीत दोरासुद्धा नव्हता, गुरांचं दावं होतं. तो बिचारा पळायला गेला आणि गव्हाणीवर तोंडावर आपटला, ओठ फाटला. बागिलाबाईंनी घाईघाईने दावं कापलं. मी पोराला उचललं, वर बघितलं, तर तू मागच्या दारात उभी होतीस. कितीतरी दिवसांनी अंथरुणातून उठली होतीस. तू बघितलंस, हे मी बघितलं. तू आत गेलीस. त्यानंतर इतकी वर्षं तू एकदाही विचारलं नाहीस, की त्याच्या ओठावर ती खूण कसली. तो आता मिशी ठेवतो, खूण दिसत नाही. पण मला दिसते. आणि ती शांत बागिला चार वर्षांनी गुरांच्या डॉक्टरबरोबर तराझला पळून गेली, तेव्हा मी अक्कल कुठे ठेवली होती ते मलाच कळलं. येरसिन कोणासारखा झाला ते तू बघतेसच. शिंगरू बिथरलं तर ओरडत नाही, जवळ जाऊन उभा राहतो. हे त्याने माझ्याकडून तर घेतलं नाही.

म्हणून हे पत्र. इंजूचा दोरा तू कापायचा आहेस. तू बिचारी म्हणून नाही, आणि मी त्या गुरांच्या दाव्याचं फेडते आहे असंही समजू नकोस, ते फिटत नाही. अर्दाकने आणि मी ठरवलं, की ही पोरगी पुढे पडणार तर आहेच, सगळेच पडतात. पडली तर तिने तुझ्यासारखं उठावं, उठून दुसऱ्याला विचारावं, आणि गरज पडली तर माझ्यासारखीला दारातून बाजूला करावं. हात थरथरेल म्हणशील, तर मेंढ्या कातरायची मोठी कात्री धार लावून ठेवली आहे, तिला थरथर कळत नाही. संध्याकाळी सगळे गात बसले तरी तुला नऊला वरच्या खोलीत झोपायला पाठवीन, कोणाला काय वाटायचं ते वाटो, गादी घातली आहे. आता या पाकिटात नीट बघ. दोरा आहे. काळी लोकर आपल्या बोकडाची, पांढरी तुझ्या आवडत्या शेळीची, मी कातून पीळ घातला आहे. एवढाच कातला आहे, दुसरा कातणार नाही. तू नाही आणलास तर दोरा नाही, आणि दोरा नाही तर तोय नाही, मग अर्ध्या केगेनला तू सांग. तोक्तार गुरुवारी सकाळी दहाला तुझ्या वाचनालयापुढून निघतो. त्याच्या हाती उत्तर पाठव, एक शब्द पुरे. तळायच्या बौरसाकांचं पीठ मी गुरुवारी संध्याकाळी भिजवते, तेव्हा त्याच्या आत मला कळलं पाहिजे. 'नाही' लिहायचं असेल तर कागदावर चालणार नाही, शनिवारी इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.

तुझीच,
कुल्पाशवहिनी